जोत्याखालचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात घरांची बांधकामे दिवाळीनंतर जोर धरतात. सोयाबीन विकून झालेले असते, कापसाचा पैसा हाती येऊ लागतो, नोकरदाराचे गृहकर्ज मंजूर झालेले असते आणि पाऊस लागायच्या आत स्लॅब पडावा अशी सगळ्यांचीच घाई असते. या घाईत ठेकेदाराशी एकच आकडा ठरतो: मटेरियलसह चौरस फुटाला इतके, किंवा सगळ्या घराचा गुत्ता इतक्या लाखांत. ठोक भावात काम दिले की पुढची काळजी त्याची, असा त्यामागचा विचार असतो. पुढे काम चालू झाले की खोदाईचे वेगळे, मुरमाचे वेगळे, पाण्याचे वेगळे असे पैसे मागितले जातात आणि घर पुरे होईपर्यंत घरमालक आणि ठेकेदार दोघांनाही आपणच बुडालो असे वाटत राहते. हे पैसे अचानक उगवले अशी तक्रार होते, पण त्यांतला मोठा भाग आधीच दिसण्याजोगा असतो. भाव ठरवताना जे दोघांनीही मोजले नाही, त्यातून तो येतो. आणि या जिल्ह्यात न मोजलेल्या गोष्टींपैकी सर्वांत महागडी गोष्ट जोत्याच्या खाली असते. म्हणून माझे म्हणणे असे की जोत्यापर्यंतचे काम ठोक भावात देऊच नये. ते ठरलेल्या दराने, प्रत्यक्ष मापावर द्यावे. ठोक भाव जोत्याच्या वर सुरू व्हावा.

याचे कारण जमिनीतच आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि खामगाव-मोताळ्याचा सखल भाग. घाटावर पुष्कळ ठिकाणी काही फूट माती काढली की मुरूम लागतो आणि त्याच्या खाली काळा पाषाण. घाटाखाली पूर्णा नदीने युगानुयुगे आणून टाकलेला गाळ आहे आणि त्यावर खोल काळी माती. कापसाला ही माती सोन्यासारखी, घराच्या पायाला मात्र फार कठीण. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. पाणी मिळाले की त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते, उन्हाळ्यात ते पाणी गेले की ती आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही हालचाल पृष्ठभागाशी सर्वांत जास्त असते आणि खोलीबरोबर कमी होत जाते. पाया हलत्या थरात बसवला तर दर पावसाळ्यात घराचा एखादा भाग किंचित उचलला जातो आणि दर उन्हाळ्यात खाली बसतो. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा पडतात त्या बहुधा यामुळेच. उपाय माहीत आहेत. एक म्हणजे हलत्या थराच्या खाली जाणे. दुसरा म्हणजे तळाशी फुगीर गोळा असलेले अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले आणि खोल काळ्या मातीत त्यांची किमान लांबी साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट, धरली जाते. दोन्ही उपायांना खोली लागते, आणि खोलीला पैसे.

किती, ते एका साध्या हिशेबातून कळते. बारा कॉलमचे एक मजली घर धरू. ठेकेदाराने भाव देताना पाच फूट खोदाई गृहीत धरली आणि प्रत्यक्षात आठ फुटांवर भरवशाचा थर लागला. खड्डा सहा बाय सहा फुटांचा असेल तर प्रत्येकी तीन फुटांची वाढीव खोदाई १०८ घनफूट होते आणि बारा खड्ड्यांची १,२९६ घनफूट, म्हणजे जवळपास १३ ब्रास. जमिनीखालचे कॉलम एकूण ३६ फुटांनी वाढतात. नऊ बाय पंधरा इंचांच्या कॉलमला सहा १२ मिलिमीटर सळया धरल्या तर सुमारे ३४ घनफूट काँक्रीट आणि रिंगांसह पाऊण क्विंटलच्या पुढे लोखंड वाढते. इथवरचा आकडा फार भयंकर नाही. पण निघालेली काळी माती त्याच खड्ड्यात परत भरता येत नाही. ती भरली तर ज्या फुगण्यापासून वाचायला खाली गेलो तेच फुगणे कॉलमच्या आणि प्लिंथ बीमच्या अंगाला आणून ठेवल्यासारखे होईल. म्हणजे काळी माती वाहून नेण्याचा खर्च आणि तेवढाच मुरूम बाहेरून आणून, पाणी मारून, थराथराने ठोकण्याचा खर्च. त्यात जोते रस्त्यापेक्षा फूटभर उंच घ्यावे लागले तर हजार चौरस फुटांच्या घराला आणखी दहा ब्रास भराव लागतो, तोही ठोकून बसलेला. सुट्या मुरमाचे माप त्याहून जास्त. घाटावर उलटी गत होते. तिथे खोली कमी लागते, पण चार फुटांवर पाषाण आला तर ब्रेकर लावावा लागतो आणि मातीच्या खोदाईचा दर तिथे निरुपयोगी ठरतो. चिखलीच्या मुरमाड माळावरच्या घराचा चौरस फुटाचा दर नांदुऱ्याच्या काळ्या मातीतल्या घराला लावणे म्हणूनच चुकीचे आहे, दोन्ही घरांचा नकाशा एक असला तरी.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. ठेकेदार जाणकार, घरमालक अजाण. जाणकाराने ठोक भाव मान्य केला तर खोलीचा धोका त्याने पत्करला. मग जास्तीचे पैसे का द्यावेत? कायदा बराचसा याच बाजूने बोलतो. इंग्लंडमध्ये १८७३ साली ब्राझीलच्या साओ पावलो रेल्वेच्या बांधकामाचा खटला गाजला. ठेकेदाराने ठोक रकमेत मार्ग बांधून द्यायचे कबूल केले होते आणि खोदाई अंदाजाच्या जवळपास दुप्पट निघाली, तरी न्यायालयाने वाढीव रक्कम नाकारली. आपल्याकडे १९६० साली आलोपी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच रीत सांगितली. सैन्यासाठी तूप खरेदी करून देणाऱ्या एजंट फर्मने युद्धामुळे परिस्थिती पालटली म्हणून करारापेक्षा जास्त मोबदला मागितला होता. करार पाळणे महाग झाले एवढ्याने तो मोडत नाही, असे न्यायालयाने ठरवले. कागदावर हा आक्षेप जिंकतो. पण रेल्वे बांधणारी कंपनी आणि गावातला चार मजुरांचा ठेकेदार यांत फरक आहे. या ठेकेदाराकडे धोका पचवायला भांडवल नसते. त्याच्यापुढे तीनच वाटा राहतात. पहिली, भाव सांगतानाच वाईटात वाईट जमीन धरून आकडा फुगवणे. मग मुरमाड प्लॉटवाल्याने काळ्या मातीचे पैसे भरले. दुसरी, काम अर्ध्यावर टाकून निघून जाणे. मग निकाल आपल्या बाजूने लागला तरी घर उघडेच. तिसरी वाट सर्वांत वाईट. आठ फूट लागत असताना सहा फुटांवर थांबायचे, तळाचे साधे काँक्रीट (पीसीसी) टाकायचे आणि वर मुरूम लोटायचा. जमिनीखालचे काम ठोक भावात दिले की प्रत्येक न खणलेला फूट ठेकेदाराचा नफा होतो आणि तो झाकला गेल्यावर कुणाला दिसत नाही. त्यात प्रामाणिक ठेकेदाराला तोटा आणि अप्रामाणिकाला फायदा, अशी ही रचना आहे. ती आपणच करतो आणि मग माणसाला दोष देतो.

सरकार स्वतः काय करते, तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात निविदांचे ठरलेले नमुने आहेत: बी-१ हा टक्केवारी दराचा, बी-२ हा बाबनिहाय दराचा, सी हा ठोक रकमेचा. खोदाई, काँक्रीट, लोखंड, वीटकाम यांची परिमाणे लिहून प्रत्यक्ष मापावर बिल देण्याचे पहिले दोन नमुने विभागाच्या नेहमीच्या वापरातले. त्यांच्या अटींत, एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढले तर पुढच्या कामाचा दर कसा काढायचा हेही लिहिलेले असते. मोठ्या कामांना भाववाढीचे कलम असते. ज्या विभागाकडे अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहेत, मोजमाप पुस्तके आहेत, तो खात्याची इमारत बांधतानाही जमिनीखालचा अंदाज चुकेल असे धरून चालतो. आणि आयुष्यात एकदाच घर बांधणारा शिक्षक, शेतकरी किंवा एसटीचा वाहक पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दहा ओळी लिहून तो अंदाज अचूक आहे असे मानतो. यात त्याचा मूर्खपणा नाही, त्याला दुसरा नमुना कुणी दाखवलेलाच नसतो.

मापावर काम दिले तर ठेकेदार गरज नसताना खोल खणत जाईल, ही भीतीही खरी आहे, पण तिला बंदिस्त करता येते. भाव ठरण्याआधी प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत खड्डे घेऊन पाहावेत. जेसीबी तासाच्या भाड्याने मिळतो आणि त्या दोन खड्ड्यांतून जे कळते ते कुठल्याही अनुभवी माणसाच्या नजरेतून कळत नाही. काळी माती कुठवर, पिवळी कुठून, मुरूम किंवा पाषाण लागतो का, ओल किती, हे पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने खोली सांगावी. ती ठेकेदाराने ठरवू नये. मग करारात मातीतल्या खोदाईचा दर, पाषाणातल्या खोदाईचा दर, भरावाचा दर, काँक्रीट आणि लोखंडाचा दर अशा पाच-सहा ओळी पुरतात. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची सर्वांना पाहता येते, ताडून बघायला ती चालते. माप घेण्याची वेळ एकच: पीसीसी पडण्याच्या आधी, खड्डा उघडा असताना, टेप लावून, फोटो काढून, वहीत दोघांच्या सह्या करून. एकदा काँक्रीट पडले की सगळे वाद तोंडी उरतात. लहान मिस्त्री एवढा कागद करणार नाही, असेही म्हटले जाते. माझ्या मते तो जास्त आनंदाने करील, कारण यात त्याचा सर्वांत मोठा तोटा टळतो. कागदाला खरा विरोध बहुधा घरमालकाकडून होतो. आपल्या ओळखीच्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे त्याला वाटते. पण ज्या ओळखी पुढे तुटतात त्या न लिहिलेल्या रकमांवरूनच.

घाटाखाली मातीनंतरचा न मोजलेला खर्च पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागते, पण ते खारे. भारतीय मानक ४५६ नुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. सळई नसलेल्या काँक्रीटला हीच मर्यादा २,००० आहे. या चौपट फरकाचे कारण लोखंडात आहे. काँक्रीटमधल्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो, क्लोराइड तो भेदते, सळई गंजते, गंजलेले लोखंड जास्त जागा घेते आणि वरचे काँक्रीट फोडते. काही वर्षांनी स्लॅबच्या खालून खपल्या पडतात त्या अशा. म्हणून अशा भागात काँक्रीट कालवायला आणि क्युरिंगला गोडे पाणी लागते. आपला बांधकामाचा हंगाम दिवाळी ते मे, म्हणजे पाण्याची टंचाई वाढत जाण्याचा. पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारायला हवे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे टँकर कोणाचे? बहुतेक करारांत याबद्दल एक अक्षर नसते, किंवा ‘पाणी व लाइट मालकाचे’ एवढेच असते. मग ठेकेदार मालकाच्या बोअरचे खारे पाणी वापरतो, त्याचा एक पैसा जात नाही, आणि खर्च दहा-पंधरा वर्षांनी स्लॅब दुरुस्तीच्या रूपाने मालकाकडे येतो. पाण्याची तपासणी स्वस्त आहे. ती करून, टँकर लागणार असतील तर त्यांचा दर आणि जबाबदारी लिहून घेणे, ही घाटाखालच्या घराची गरज मानावी.

जोत्यावर आले की माझे मत बदलते. इथे ठोक भाव योग्य आहे आणि ठेकेदाराने तो पाळला पाहिजे. सिमेंट, सळई, विटा यांचे परिमाण नकाशावरून काढता येते, बाजाराचा अंदाज त्याला आपल्यापेक्षा जास्त असतो आणि भाव दोन्हीकडे हलतात. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर कोकिंग कोळसा महागला आणि शेजारच्या जालन्याच्या गिरण्यांतून येणाऱ्या सळईनेही घरबांधणाऱ्यांची झोप उडवली. मे महिन्यात केंद्राने पोलादावर निर्यातशुल्क लावले, नोव्हेंबरमध्ये ते काढले. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ३०० रुपये धरली तर पोते ३८४ वरून ३५४ वर आले. भाव चढताना जास्तीचे पैसे मागणारा ठेकेदार भाव उतरताना पैसे परत द्यायला तयार असेल, तरच भाववाढीची अट न्याय्य. वाळूचा अपवाद करावा लागतो, कारण तिथे भाव बाजारापेक्षा धोरणावर हलतो. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळणे झाले, आणि पावसाळ्यात नदीतला उपसा बंदच असतो. पूर्णा किंवा खडकपूर्णेच्या वाळूवर अडून राहण्यापेक्षा करारातच चांगली क्रश सँड चालेल असे लिहिले तर काम थांबत नाही आणि भांडणही होत नाही.

क्षेत्रफळ कसे मोजायचे, हा प्रश्न साधा वाटतो आणि लाखांत जातो. २५ बाय ४० फुटांचे घर म्हणजे हजार चौरस फूट. पण दर ‘स्लॅबच्या मापाने’ असेल आणि चारही बाजूंना दोन फूट छज्जा बाहेर असेल तर स्लॅब २९ बाय ४४, म्हणजे १,२७६ चौरस फूट होतो. हिशेबापुरता १,६०० रुपये दर धरला तर हा फरक ४ लाख ४१ हजार ६०० रुपयांचा आहे. घरात राहायला एक फूटही जागा वाढलेली नाही. जिन्याची खोली, पाण्याची टाकी, ओटा, कंपाउंड, सेप्टिक टँक यांचेही तसेच: दरात आहेत की नाहीत, ते एकेक करून लिहावे. कराचेही लिहावे. एका स्वतंत्र घरासाठी निव्वळ मजुरीचे काम जीएसटीतून माफ आहे, मटेरियलसह कामाला तो १८ टक्के लागतो, आणि वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या ठेकेदाराला सेवेसाठी नोंदणीच लागत नाही. ‘सर्व करांसह’ हे दोन शब्द नसतील तर शेवटच्या बिलात प्रश्न येतो.

घरच्यांनी मध्येच सुचवलेले बदल हा एकच वाढीव खर्च पूर्णपणे आपल्या हातातला. देवघराची जागा हलते, स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा होतो, टाइल्स दुकानात पाहिल्यावर महागड्या आवडतात. यात गैर काही नाही, घर वारंवार बांधता येत नाही. पण ‘हे तर ठोकमध्येच होते’ म्हणून नंतर पैसे नाकारणे चूक आहे आणि कायद्यातही ते टिकणे कठीण. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० नुसार, एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बदल सांगितला त्याच दिवशी दर ठरवून वहीत उतरवला तर प्रत्येकाला पुढचा बदल सांगण्याआधी आधीची बेरीज दिसते, आणि एवढ्यानेच निम्मे बदल आपोआप गळतात.

कायद्याच्या आधाराबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला महारेराकडे जाता येत नाही. रेरा कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रवर्तकांचा आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या सेवेच्या व्याख्येत घरबांधणी येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथेही कागद नसेल तर काय ठरले होते हेच सिद्ध करावे लागते. घरकुलवाल्याची गोष्ट याहून अवघड आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, किमान २५ चौरस मीटरच्या घराला, म्हणजे चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये. राज्याने २०२५ मध्ये यात ५० हजारांची भर घालायचे ठरवले, ते चांगलेच झाले. पण मुरमावरच्या आणि खोल काळ्या मातीतल्या लाभार्थ्याला रक्कम एकच. इथे ठोक भाव सरकारने ठरवला आहे आणि जमिनीचा सगळा धोका गावातल्या सर्वांत गरीब कुटुंबावर आहे. काळ्या मातीतल्या पायासाठी वेगळी रक्कम देणे हा दयेचा नव्हे, मोजमापाचा प्रश्न आहे, आणि जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी तो मांडायला हवा.

पैसे देण्याचा क्रमही जमिनीवरच बेतावा. बँक जशी जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर कर्जाचे हप्ते सोडते, तसेच ठेकेदाराचे हप्ते झालेल्या कामामागून जावेत, कामाच्या पुढे कधीच नाही. शेवटचे पाच टक्के हातात ठेवायची पद्धत सुरक्षा ठेव म्हणून सरकारी कामांत आहे आणि खाजगी घरालाही ती लागू करता येते. मात्र घाटाखाली ही मुदत सहा महिन्यांची ठेवून उपयोग नाही. मे महिन्यात ताबा घेतलेल्या घराला सहा महिन्यांत फक्त पावसाळा दिसतो, माती फुगलेली असतानाचा. ती वाळून आक्रसली की पाया खाली बसतो का, हे पुढच्या उन्हाळ्यातच कळते. म्हणून ही रक्कम पुढच्या मे अखेरपर्यंत ठेवावी, कोणत्या प्रकारच्या चिरा ठेकेदाराने दुरुस्त करायच्या हे करारात लिहावे, आणि पाया इंजिनिअरने सांगितलेल्या खोलीवर मापून घेतलेला असेल तर प्लास्टरच्या केसांएवढ्या भेगांसाठी त्याचे पैसे अडवू नयेत.